खिळ्यांच्या टायरांची धूळ: सेंदाई, साप्पोरो आणि १९९०चा कायदा

सेंदाई हे जपानच्या मियागी प्रांताचे मुख्य शहर. दुतर्फा उंच झाडांच्या रस्त्यांसाठी ते ओळखले जाते आणि तिथले लोकही त्याला अभिमानाने झाडांचे शहर म्हणतात. १९८०च्या आसपास याच शहराला लोक वाळवंट म्हणू लागले होते. हिवाळ्यात रस्त्यांवर करड्या धुळीचे लोट उठायचे. वाहतूक पोलीस तोंडाला मास्क बांधून चौकात उभे राहायचे. रस्त्यालगतच्या घरांत कपडे बाहेर वाळत घालणे बंद झाले होते. दुकानांच्या काचा, झाडांची पाने, कडेला साचलेला बर्फ, सगळ्यावर तोच करडा थर. ही धूळ कारखान्यांची नव्हती, शेतांतून उडून आलेली नव्हती आणि गाड्यांच्या नळीतून निघणारा धूरही नव्हता. गाड्यांच्या चाकांनी खरवडून काढलेला तो रस्ताच होता.

वाहनांच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे धूर येतो. धूर सोडून गाडी जे कण हवेत टाकते, म्हणजे टायरची झीज, ब्रेकची झीज, रस्त्याची झीज आणि चाकांमागून पुन्हा उडणारी धूळ, त्याकडे जगाचे लक्ष अलीकडे वळले. जपानने मात्र यातला एक भाग पस्तीस वर्षांपूर्वी कायदा करून निकालात काढला. तो कसा, कोणाच्या रेट्यामुळे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मला सविस्तर मांडायचे आहे. भारतात या प्रकरणाबद्दल फारसे बोलले जात नाही, आणि ते बोलले जावे असे मला मनापासून वाटते.

रस्ता झिजतो कसा

स्पाइक टायर म्हणजे ज्याच्या रबरात धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात असा हिवाळी टायर. खिळ्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कण असतो. तो पोलादापेक्षाही कठीण. गोठलेल्या रस्त्यावर हे टोक बर्फात रुतते आणि गाडी घसरत नाही. हा शोध उत्तर युरोपातला. १९६०च्या दशकात तो जपानमध्ये आला आणि सत्तरच्या दशकात घरोघरी मोटारी आल्या तसा होक्काइदो, तोहोकू आणि नागानोसारख्या थंड भागांत सर्वत्र पसरला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टायर बदलायचे आणि वसंत ऋतूत पुन्हा साधे चढवायचे, ही तिथल्या घरांची नेहमीची कामे झाली.

अडचण अशी की तो खिळा खाली बर्फ आहे की डांबर हे पाहत नाही. चाक फिरताना प्रत्येक खिळा रस्त्यावर आधी आदळतो आणि जमीन सोडताना जरा घासत जातो. आदळण्याचा जोर खिळ्याच्या वजनाबरोबर वाढतो आणि गाडीच्या वेगाबरोबर तर फारच झपाट्याने, साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. डांबरी रस्ता म्हणजे वजनाने शंभरात पंचाण्णव भाग खडी आणि रेती असते. डांबर फक्त त्यांना धरून ठेवते. म्हणून खिळ्यांखाली जे सुटते ते मुख्यतः दगडाचे पीठ. त्यात डांबराचा चिकट अंश आणि रबराचे तुकडे मिसळतात. ओला रस्ता कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतो. पण ओला असेपर्यंत ते पीठ रस्त्यालाच चिकटून राहते. ऊन पडले, वारा सुटला की तोच चिखल धूळ होऊन उठतो. सर्वांत वाईट दिवस त्यामुळे हिमवर्षावाचे नसत. त्यानंतरचे स्वच्छ, निळ्या आकाशाचे, कोरडे दिवस सर्वांत वाईट असत.

किती झीज होत असेल? स्वीडनमध्ये या विषयाची दीर्घकाळ मोजमापे झाली आहेत. जड खिळे आणि जुन्या पद्धतीचे डांबर असतानाच्या काळात एक मोटार दर किलोमीटरला २० ते ३० ग्रॅम रस्ता खरवडत असे, असे त्यांतून दिसते. आता हिशेब करून पाहू. रस्त्याचा एक किलोमीटर, त्यावर रोज १० हजार गाड्या, गाडीमागे २५ ग्रॅम: दिवसाला अडीचशे किलो. हिवाळ्याचे चार महिने धरले तर त्या एका किलोमीटरमधून ३० टन दगड पीठ होऊन बाहेर पडतो. त्यातला फार थोडा भाग श्वासातून आत जाण्याइतका बारीक असतो, हे खरे. पण ३० टनांचा थोडा भागसुद्धा कमी नाही, आणि तो नेमका माणसाच्या नाकाच्या उंचीवर, लोक चालतात त्या पदपथाशेजारी सुटतो.

या कणांचा आकारही समजून घ्यायला हवा. इंजिनात जळून निघणारे कण अतिसूक्ष्म, मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचे. घर्षणाने सुटणारे कण त्या मानाने जाड, बहुतेक एक मायक्रोमीटरच्या वरचे. म्हणून रस्त्याच्या झिजेचा परिणाम पीएम १०च्या, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या आकड्यात ठळक दिसतो आणि पीएम २.५मध्ये कमी. ‘जाड कण नाकातच अडतात’ असे म्हणून ते बाजूला सारण्याची सवय बरेच दिवस होती. पण दहा मायक्रोमीटरच्या आतले कण घशाखाली उतरतात, श्वासनलिकांत बसतात, दमेकऱ्याला त्रास देतात. खडीत गारगोटीचा अंश असेल तर ती धूळ कशी असते, हे दगडखाणीत काम करणाऱ्या कोणालाही विचारावे.

सेंदाईच का?

स्पाइक टायर सगळ्याच थंड प्रदेशांत होते. मग बोंब आधी सेंदाईतून का उठली? याचे उत्तर भूगोलात आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि पश्चिम किनाऱ्यावर व मधल्या डोंगररांगांवर भरमसाट बर्फ टाकतात. डोंगर ओलांडून प्रशांत महासागराच्या बाजूला, सेंदाईपर्यंत पोचेतो ते कोरडे झालेले असतात. थंडी कडक, पण बर्फ बेताचा, आणि पडला तरी रस्त्यावर फार टिकत नाही. तरीही पहाटे पुलावर, सावलीच्या वळणावर पातळ बर्फ असतो आणि डोंगरापलीकडे जायचे तर घाटात तो असतोच. त्या थोड्या क्षणांसाठी लोक चार-पाच महिने खिळ्यांवर गाडी चालवत होते. म्हणजे बहुतेक प्रवास कोरड्या डांबरावर. याउलट होक्काइदोतल्या साप्पोरोमध्ये हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. तिथे रस्त्यावरचा दाबलेला थर डांबराचे काही दिवस तरी रक्षण करतो. हा फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढे कायदा आला तो दोन्ही शहरांना एकच होता.

धुळीखेरीज रस्त्याचेही हाल झाले. वर्दळीच्या मार्गांवर डांबरात खोल चाकोऱ्या पडल्या. पावसात त्यांत पाणी साचायचे आणि गाडी त्यावर तरंगून भरकटायची. झेब्रा पट्टे आणि मार्गिकांच्या रेषा दर वसंत ऋतूत पुसलेल्या असायच्या, त्या दर वर्षी नव्याने रंगवाव्या लागत. झाडून काढावे म्हटले तर शून्याखालच्या तापमानात पाणी मारणारी सफाईयंत्रे चालत नाहीत. धूळ कडेच्या बर्फाच्या ढिगांत साठत जायची आणि मार्चमध्ये ढीग वितळले की चार महिन्यांचा साठा एकदम मोकळा व्हायचा.

आपलेच दात, आपलेच ओठ

जपानला प्रदूषणाची लढाई नवी नव्हती. मिनामाताचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला होता. योक्काइचीच्या दमेकऱ्यांनी १९७२ मध्ये कंपन्यांविरुद्ध खटला जिंकला होता. पण त्या लढायांत एका बाजूला कारखाना होता आणि दुसऱ्या बाजूला पीडित. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. धुळीने खोकणाऱ्या माणसाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीलाही तेच टायर होते. तक्रार करायची कोणाविरुद्ध?

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की सेंदाईच्या लोकांनी या प्रश्नाला टाळले नाही. सुरुवात स्थानिक वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांनी झाली. ही धूळ कुठून येते, मुलांना यातून शाळेत का पाठवायचे, असे साधे प्रश्न लोक विचारू लागले. मग डॉक्टर, वकील, विद्यापीठातले अभ्यासक जोडले गेले. धुळीचे नमुने तपासले गेले आणि त्यांत रस्त्याच्या खडीचा दगड सापडला. टायर चढवण्याच्या मोसमाबरोबर धूळ वाढते आणि उतरवले की घटते, हे आलेखात उघड दिसू लागले. रस्त्यांवर राहणाऱ्या मोकाट कुत्र्यांची फुप्फुसे तपासण्यात आली, कारण ती माणसांचीच हवा श्वासात घेत होती आणि तीही जमिनीच्या आणखी जवळून. त्यांत रस्त्याच्या धुळीशी जुळणारे कण आढळले.

एका विशिष्ट माणसाचा विशिष्ट आजार या धुळीनेच झाला, हे सिद्ध करणे अवघड होते. सिगारेट, कारखाने, डिझेलचा धूर, सगळेच त्याच फुप्फुसात जाते. अशा ठिकाणी बहुतेक देशांत प्रकरण अडकते: आधी आजार सिद्ध करा, मग बघू. इथे लोकांनी मुद्दा वेगळ्या प्रकारे लावून धरला. धूळ कुठून येते हे नि:संशय कळले आहे, ती कशाने थांबेल हेही कळले आहे, आणि ती फुप्फुसात पोचते हे दिसले आहे. एवढे पुरेसे असायला हवे. मला हा युक्तिवाद तेव्हाही योग्य होता असे वाटते आणि आजही.

१९८५ मध्ये मियागी प्रांताने स्पाइक टायरांविषयीचा नियम केला. असा नियम करणारा तो देशातला पहिला प्रांत. कडक बंदी त्यात नव्हती. गरज नसेल त्या काळात हे टायर वापरू नयेत, असा त्याचा गाभा होता. त्याचा उपयोग झाला, पण मर्यादाही लगेच दिसली. ‘बर्फ नसलेल्या रस्त्यावर वापरू नका’ असे सांगणे सोपे आहे. पण सकाळी घाटातल्या बर्फातून येऊन दुपारी शहरातल्या कोरड्या रस्त्यावर जाणारा माणूस वाटेत चार टायर बदलत बसणार नाही. म्हणजे या टायरांचा मर्यादित वापर असे काही नसतेच. एक तर ते गाडीला आहेत, किंवा नाहीत.

टायर बनवणाऱ्यांपर्यंत

कोंडी फुटली ती नागानोमधून. या डोंगराळ प्रांतातल्या वकिलांनी गाडीवाल्यांकडे बोट न दाखवता टायर बनवणाऱ्या सात कंपन्यांना पुढे आणले. त्यांनी न्यायालयात भरपाईचा खटला न भरता राष्ट्रीय आयोगापुढे अर्ज केला. प्रदूषणाच्या तंट्यांत मध्यस्थी करण्यासाठी १९७२ मध्ये नेमलेला हा आयोग. मागणी एकच: हे टायर बनवणे आणि विकणे थांबवा.

जून १९८८ मध्ये तडजोड झाली. कंपन्यांनी डिसेंबर १९९०च्या अखेरीस स्पाइक टायरांचे उत्पादन आणि मार्च १९९१च्या अखेरीस विक्री थांबवण्याचे मान्य केले. कोणाला दोषी ठरवले गेले नाही. एकाही माणसाचा आजार पुराव्याने सिद्ध करावा लागला नाही. पण लाखो गाडीवाल्यांच्या सवयीशी झगडत बसण्याऐवजी सात उत्पादकांशी बोलून नळच बंद करण्याचा मार्ग सापडला. सार्वजनिक आरोग्याच्या लढाईत कोणाशी बोलायचे याची निवड किती निर्णायक असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

कंपन्या राजी का झाल्या, याला व्यवहाराची बाजूही आहे. खिळ्यांशिवायचे हिवाळी टायर तोवर तयार होऊ लागले होते. थंडीतही मऊ राहणारे रबर, त्यावर सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक फटी, आणि पुढे सूक्ष्म छिद्रांचे फेसाळ रबर. बर्फावर गाडी घसरते ती मुख्यतः दाबाने आणि घर्षणाने तयार होणाऱ्या पाण्याच्या पातळ थरामुळे. ही छिद्रे आणि फटी ते पाणी शोषून किंवा बाजूला सारून रबराला बर्फाला टेकू देतात. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये ब्लिझॅक नावाने असे टायर आणले. पर्याय हाताशी असताना जुना माल सोडणे सोपे जाते. पण पर्याय आला म्हणून बंदी आली, असे मात्र मला म्हणवत नाही. सेंदाईतला रेटा, प्रांताचा नियम आणि बंदीची चाहूल यांनीही पर्यायाला घाई करायला लावली, असे त्या वर्षांचा क्रम पाहता वाटते.

२७ जून १९९० रोजी स्पाइक टायरांमुळे होणारी धूळ रोखण्याचा राष्ट्रीय कायदा जारी झाला. ठरवून दिलेल्या भागांत, बर्फ किंवा हिम नसलेल्या डांबरी रस्त्यावर या टायरांचा वापर १९९१च्या एप्रिलपासून निषिद्ध झाला. दंडाची तरतूद लागू व्हायला आणखी एक वर्ष दिले गेले. १९९२च्या एप्रिलपासून एक लाख येनपर्यंत दंड. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या आणि अपंग व्यक्ती चालवतात त्या गाड्या यांना सूट. ही शेवटची सूट मला विचारपूर्वक केलेली वाटते. बर्फात अडकली तर उतरून गाडी ढकलणे ज्याला शक्य नाही, त्याच्यावर कायद्याने बोजा टाकला नाही.

अंमलबजावणीत पोलिसांचा दंडुका फारसा दिसला नाही. दुकानात टायरच मिळेनासे झाले, जुने झिजून गेले आणि दोन-तीन हिवाळ्यांत खिळे रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले. धूळही त्यांच्याबरोबर गेली. कडेचा बर्फ पांढरा राहू लागला, रेषा वसंत ऋतूपर्यंत टिकू लागल्या. धुळीची पातळी इतकी झटकन खाली आली की ती खिळ्यांचीच होती याचा तो सर्वांत ठोस पुरावा ठरला.

साप्पोरोने मोजलेली किंमत

इथे थांबलो तर प्रकरण अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

साप्पोरोतही हवा स्वच्छ झाली. पण सेंदाईत जे रस्ते कोरडे होते, ते साप्पोरोत बर्फाखाली होते. खिळे बर्फाचा पृष्ठभाग सतत खरवडून खडबडीत ठेवत असत, हा त्यांचा एक न बोललेला उपयोग होता. खिळे गेले आणि मऊ रबराची हजारो चाके चौकांत थांबू-निघू लागली, तसा दाबलेला बर्फ घासून घासून काचेसारखा गुळगुळीत होऊ लागला. सिग्नलपाशी गाड्या फिरत्या चाकांनी जागच्या जागी उभ्या राहू लागल्या. हिवाळ्यातली वाहतूक मंदावली. आणि रस्ता ओलांडताना पडून हातपाय मोडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या वाढली. बंदीनंतरच्या हिवाळ्यांत घसरून पडलेल्यांना रुग्णवाहिकेने नेण्याच्या घटना शेकड्यांनी होऊ लागल्या. त्यांत म्हातारी माणसे जास्त होती.

शहराने हात टेकले नाहीत. बर्फ वितळवणारी रसायने आणि बारीक खडी रस्त्यांवर पसरायला सुरुवात झाली, आणि त्यावरचा खर्च झपाट्याने वाढला. चढ-उतारांवर रस्त्याखाली तापवणाऱ्या तारा आणि नळ्या घातल्या गेल्या. चौकांच्या कडेला वाळूच्या पुड्यांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. ज्याला पुढचा टप्पा निसरडा दिसेल त्याने पुडी फोडून वाळू टाकायची, स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यासाठी. या पेट्या साप्पोरोच्या हिवाळ्याचा भाग झाल्या. पण रस्त्यावर टाकलेली खडी चाकांखाली भरडली की तीही धूळ होते, हेही विसरून चालणार नाही. खिळ्यांच्या धुळीच्या मानाने ती खूप कमी, एवढेच.

माझे मत असे. सेंदाईसाठी हा कायदा नि:संशय योग्य होता. तिथे खिळ्यांचा उपयोग थोडा आणि जाच मोठा. साप्पोरोसाठीही मी तो योग्यच म्हणेन, पण तिथे तो फुकट मिळाला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते गाडीवाले नव्हते. धूळ गाड्यांनी केली, ती थांबवल्याचा भार पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाडांवर आला. कायद्याबरोबरच पादचाऱ्यांच्या सोयीचा पैसा आणि आराखडा तयार असता, तर पहिले हिवाळे इतके वाईट गेले नसते. बंदी घालताना ती वस्तू आणखी कोणते काम करत होती हे आधी शोधून ठेवणे, हे बंदी घालणाऱ्याचेच काम आहे.

दुसरी वाट

पश्चिम जर्मनीने १९७० च्या दशकाच्या मध्यातच या टायरांवर बंदी घातली होती, मुख्यतः रस्त्यांच्या नुकसानीमुळे. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी मात्र खिळे ठेवले. त्यांचे म्हणणे असे की त्यांच्या बर्फावर खिळे जीव वाचवतात. मग झीज कमी करण्यासाठी त्यांनी उलट्या बाजूने काम केले. खिळ्याचे वजन घटवून ग्रॅमभरावर आणले, टायरच्या परिघावर मीटरमागे पन्नासपेक्षा जास्त खिळे नकोत असा नियम केला, रस्त्यात मोठ्या आकाराची, फार कठीण दगडाची खडी वापरली. स्वीडनमधली झीज किलोमीटरमागे काही ग्रॅमवर आली, म्हणजे पूर्वीच्या दहाव्या भागाच्या आसपास.

तरीही शहरांत धूळ उरलीच. स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगातान या दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या, दरीसारख्या रस्त्यावर पीएम १०ची पातळी युरोपीय मर्यादा वारंवार ओलांडत होती. ती मर्यादा म्हणजे घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आणि ती वर्षात ३५ पेक्षा जास्त दिवस ओलांडता येत नाही. १ जानेवारी २०१० पासून त्या एका रस्त्यावर खिळ्यांच्या टायरांना मनाई झाली. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने याच कणांवरून स्वीडनविरुद्ध निकाल दिला. एका रस्त्यापुरती बंदी विचित्र वाटेल, पण तिचा परिणाम तेवढ्यापुरता राहिला नाही. रोज त्या रस्त्याने जावे लागणाऱ्या गाडीवाल्यांनी टायरच बदलले आणि आजूबाजूच्या रस्त्यांवरही खिळ्यांचे प्रमाण घटले. ऑस्लो आणि त्रोंदहाइमसारख्या नॉर्वेच्या शहरांनी खिळे वापरणाऱ्यांकडून मोसमाचे शुल्क घेण्याचा मार्ग धरला. शिवाय कोरड्या दिवसांत रस्त्यावर ओल धरून ठेवणारी क्षारद्रावणे फवारतात, म्हणजे धूळ उठत नाही. हे सगळे उपयोगी आहे, आणि हे सगळे दर वर्षी पुन्हा करावे लागते. जपानने एकदाच केले.

आपल्याकडची धूळ

मुंबई-पुण्यात खिळ्यांचे टायर नाहीत, म्हणून जपानी कायद्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. पण रस्त्यावरची धूळ आपल्याकडच्या पीएम १०चा मोठा वाटा आहे, आणि ती उडते त्याच रीतीने: चाकाखाली भरडली जाऊन, चाकामागच्या हवेच्या झोताने. फरक आहे तो मूळ कुठे आहे यात. आपल्याकडे ती डंपरमधून सांडणाऱ्या राडारोड्यातून येते, न बुजवलेल्या चरांतून येते, कडेच्या उघड्या मातीतून आणि फुटलेल्या डांबराच्या खडीतून येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेने टँकरने रस्ते धुवायला घेतले. पाणी मारले की धूळ बसते, पण सुकली की पुन्हा उठते, आणि दुसऱ्या दिवशी झाकण नसलेला डंपर तीच माती पुन्हा आणून टाकतो. भारताची पीएम १०ची दैनिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ४५. या अंतराकडे पाहताना मला सेंदाईतल्या डॉक्टर-अभ्यासकांची आणि नागानोतल्या वकिलांची पद्धत आठवते. त्यांनी धूळ झाडणाऱ्यांना धारेवर धरले नाही. ती कोण तयार करतो हे शोधले, आणि ज्यांच्या हातात ती थांबवणे होते त्यांना टेबलापाशी बसवले. आपल्याकडे हे लोक मोजके आहेत: बांधकामाचे ठेके देणारे, राडारोडा वाहणारे, रस्ता खोदून तसाच सोडणाऱ्या यंत्रणा. त्यांची नावे परवान्यांवर असतात.

आता खिळ्यांपलीकडची झीजही कायद्याच्या कक्षेत येत आहे. विजेच्या गाड्यांनी धूर संपेल, पण बॅटरीमुळे त्या जड असतात आणि टायर व रस्ता त्यांच्याखालीही झिजतोच. ब्रेकची झीज मात्र त्यांत घटते, कारण वेग कमी करताना मोटारच उलट जोर लावून वीज परत मिळवते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत प्रथमच ब्रेकमधून सुटणाऱ्या कणांना मर्यादा घातली आहे: इंजिनाच्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, केवळ विजेवर चालणाऱ्यांना ३. टायर किती झिजावा याचीही मर्यादा त्याच नियमांत येते आहे. जपानच्या १९९०च्या कायद्याची भाषा टायर आणि रस्ता यांच्यातल्या एकाच प्रकारच्या झिजेपुरती होती. युरो ७ मध्ये कोणताही टायर, कोणताही ब्रेक मोजणीखाली येतो. भारतात भारत स्टेज ६च्या मर्यादा अजून नळीतल्या धुराशीच थांबतात. पुढच्या टप्प्याचा मसुदा लिहिला जाईल तेव्हा ब्रेक आणि टायरांची झीज त्यात पहिल्या दिवसापासून असावी, हे आत्ताच मागायला हवे.